संकल्पाला उपचाराची जोड

दरवर्षी ३१ मे रोजी जागतिक तंबाखूविरोधी दिन पुण्यातही यथासांग पार पडतो. व्याख्याने होतात, घोषवाक्यांचे फलक घेऊन फेऱ्या निघतात, हात पुढे करून सामूहिक शपथ घेतली जाते आणि त्या शपथेची छायाचित्रे दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत छापून येतात. ती वृत्तपत्रे घरोघरी पोहोचत असतानाच महाविद्यालयांच्या परिसरात, पेठांतील अभ्यासिकांखाली आणि हिंजवडीच्या रस्त्यांवर टपऱ्यांचा दिवस सुरू झालेला असतो. एका हातात चहाचा ग्लास आणि दुसऱ्या हातात सिगारेट घेतलेल्या तरुणांच्या त्या घोळक्यात आदल्या दिवशी शपथ घेतलेले काही जण असतातच. त्यांनी शपथ खोटेपणाने घेतलेली नसते. ती पाळावी अशी त्यांची मनापासून इच्छाही असते. ती कशी पाळायची, हे मात्र त्यांना कोणी सांगितलेले नसते.

तरुणांच्या धूम्रपानाकडे पाहण्याच्या आपल्या समाजात दोन रीती आहेत. पहिली दुर्लक्षाची. ‘वयच तसे आहे, लग्न झाले की सुटेल’ असे म्हणून घरातील मोठी माणसे विषय मिटवतात. दुसरी संतापाची. ‘एवढे संस्कार करूनही मुलगा असा निघाला’ म्हणून घरात आकांत होतो, आईच्या गळ्याची शपथ घातली जाते, बोलणे बंद होते. या दोन्ही रीती परस्परविरुद्ध दिसत असल्या तरी त्यांचा परिणाम एकच होतो. मुलगा डॉक्टरपर्यंत पोहोचत नाही. पहिल्या घरात त्याची गरज कोणाला वाटत नाही आणि दुसऱ्या घरात मुलगा सिगारेट सोडण्याऐवजी लपवायला शिकतो. मुलीच्या बाबतीत तर ही लपवाछपवी कैकपटींनी वाढते. मुलाला जे ‘वाईट वळण’ म्हणून ऐकून घ्यावे लागते, तेच मुलीच्या बाबतीत चारित्र्याचा प्रश्न ठरते. साहजिकच तिच्यासाठी मदत मागण्याचे दार आणखी घट्ट बंद होते.

समर्थ रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात उत्तम लक्षणे सांगताना धूम्रपान वर्ज्य करण्यास सांगितले, त्याला सुमारे साडेतीनशे वर्षे झाली. व्यसनापासून दूर राहण्याचा उपदेश आपल्या परंपरेला नवा नाही आणि तो कालबाह्यही झालेला नाही. परंतु उपदेशाचा खरा उपयोग अद्याप उंबरठ्याच्या आत असलेल्याला होतो. जो पाऊल टाकून बसला आहे, ज्याचे शरीरच त्या पदार्थाला सरावले आहे, त्याला उपदेशाबरोबर उपचारही लागतो. हा भेद न ओळखल्यामुळेच आपले व्यसनमुक्तीचे पुष्कळसे प्रयत्न तळमळीचे असूनही निष्फळ ठरतात.

शरीर सरावते म्हणजे नेमके काय होते, हे समजून घ्यायला हवे. सिगारेटचा झुरका घेतल्यावर त्यातील निकोटिन १० ते २० सेकंदांत मेंदूत पोहोचते. तेथे डोपामिन हे द्रव्य स्रवते आणि क्षणभर बरे वाटते, लक्ष एकाग्र झाल्यासारखे वाटते. रक्तातील निकोटिनचे प्रमाण साधारण दोन तासांत निम्म्यावर येते आणि मेंदू पुन्हा मागणी करू लागतो. ती पुरवली नाही तर चिडचिड होते, अभ्यासात लक्ष लागत नाही, झोप उडते, भूक वाढते, मन उदास होते. हा त्रास पहिल्या आठवड्यात सर्वाधिक असतो आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. पहिल्याच आठवड्यात माघार घेणाऱ्या तरुणाला ही गोष्ट ठाऊक नसते. ‘माझ्यात इच्छाशक्तीच नाही’ असा निष्कर्ष तो काढतो आणि घरचेही त्याला दुजोरा देतात. वस्तुतः कोणत्याही मदतीशिवाय, केवळ निर्धाराच्या बळावर सिगारेट सोडू पाहणाऱ्या १०० जणांपैकी तीन ते पाच जणच सहा महिने ते वर्षभर त्यापासून दूर राहू शकतात, असे जगभरचे अभ्यास सांगतात. उरलेले सारेच दुबळ्या मनाचे असतात, असे कसे म्हणता येईल?

टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने २०१६-१७ मध्ये केलेल्या प्रौढांच्या तंबाखू सर्वेक्षणातील आकडे या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. देशातील १५ वर्षांवरील २८.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरत होते आणि १०.७ टक्के लोक धूम्रपान करत होते. महाराष्ट्रात धूम्रपानाचे प्रमाण ३.८ टक्के, तर मळलेली तंबाखू, मशेरी, गुटखा यांसारख्या धूरविरहित प्रकारांचे प्रमाण २४.४ टक्के होते. धूम्रपानाचा हा लहान आकडा पाहून सुशिक्षित मध्यमवर्गाने निश्चिंत होण्याचे कारण नाही. त्याच सर्वेक्षणानुसार तंबाखूची सुरुवात होण्याचे सरासरी वय १८.९ वर्षे होते. बारावीनंतर मुले घर सोडून पुण्यात येतात ती नेमकी याच वयात. त्याच पाहणीत धूम्रपान करणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक, म्हणजे ५५.४ टक्के लोकांनी सिगारेट-विडी सोडण्याचा विचार बोलून दाखवला होता. म्हणजे सोडण्याच्या इच्छेचा दुष्काळ नाही. दुष्काळ आहे तो मदतीचा.

पुण्याच्या संदर्भात तर हा प्रश्न अधिकच जवळचा आहे. मराठवाडा, विदर्भ, खानदेश, कोकण येथून हजारो मुले-मुली या विद्यानगरीत येतात. कोणी स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी पेठेत कॉट बेसिसवर राहते, कोणी अभियांत्रिकीच्या वसतिगृहात, कोणी रात्रपाळीच्या नोकरीसाठी चौघांत एक सदनिका घेऊन. मेसचा डबा, लांबलेला निकाल, गावाकडून येणारा ‘कधी लागणार नोकरी’ हा फोन आणि या सर्वांतून सुटका म्हणून रात्री अकराचा चहा. त्या चहाबरोबर पहिली सिगारेट मित्राने दिलेली असते. पुढची स्वतःच्या पैशाने घेतली जाते, तीही सुटी. सुट्या सिगारेट-विडीच्या विक्रीवर महाराष्ट्र शासनाने सप्टेंबर २०२० मध्ये बंदी घातली.  शैक्षणिक संस्थांपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूविक्रीला तर २००३ च्या केंद्रीय कायद्यानेच मनाई आहे. तरीही शहरातील कोणत्याही महाविद्यालयाबाहेर पाच मिनिटे उभे राहिले, तर या दोन्ही नियमांची अवस्था कळते.

सुट्या विक्रीचा आणखी एक दुष्परिणाम सहसा ध्यानात येत नाही. सिगारेटच्या पाकिटाच्या ८५ टक्के भागावर सचित्र इशारा छापण्याचा नियम २०१६ पासून लागू झाला आणि सप्टेंबर २०१८ पासून त्यावर राष्ट्रीय तंबाखूमुक्ती दूरध्वनी सेवेचा १८००-११-२३५६ हा विनामूल्य क्रमांकही येऊ लागला. या क्रमांकावर प्रशिक्षित समुपदेशक बोलतात. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय हे या सेवेच्या प्रादेशिक केंद्रांपैकी एक. पण ज्या तरुणासाठी हा क्रमांक सर्वाधिक मोलाचा, तो पाकीट विकत घेतच नाही. टपरीवाला पाकिटातून एक सिगारेट काढून त्याच्या हाती ठेवतो, लटकत्या लायटरने ती पेटते, आणि इशारा व क्रमांक दोन्ही टपरीच्या फळीवरच राहतात. शासनाने मदत पाठवली आणि ती टपरीपर्यंत येऊन थांबली, असा हा प्रकार आहे.

आता उपचाराकडे वळू. जागतिक आरोग्य संघटनेने जुलै २०२४ मध्ये प्रौढांना तंबाखू सोडण्यास साहाय्य करण्यासाठी आपली पहिली उपचारविषयक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत निकोटिनचे च्युइंग गम व पट्ट्या, व्हॅरेनिक्लिन, ब्युप्रोपिऑन आणि सायटिसिन या औषधांची शिफारस आहे आणि औषधाला समुपदेशनाची जोड दिल्यास यशाची शक्यता लक्षणीय वाढते, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय सूचीतही २०२२ मध्ये निकोटिन गमसारख्या पर्यायी उपचाराचा समावेश झाला.

‘एक व्यसन सोडवायला दुसरे लावायचे का?’ अशी शंका यावर हमखास घेतली जाते. तिचे उत्तर सोपे आहे. कर्करोग, हृदयविकार आणि फुप्फुसांचे आजार होतात ते मुख्यतः धुरातील डांबर, कार्बन मोनॉक्साइड आणि इतर शेकडो विषारी द्रव्यांमुळे. गम किंवा पट्टीत धूर नसतो. त्यांतून निकोटिन सावकाश आणि मोजक्या प्रमाणात मिळते, मेंदूची मागणी भागते आणि मात्रा हळूहळू कमी करता येते. अशा पर्यायी निकोटिनमुळे यशाची शक्यता सुमारे दीडपट होते. मात्र गम वापरण्याचीही पद्धत आहे. तो नेहमीच्या च्युइंग गमसारखा सतत चघळायचा नसतो. थोडा चावून चव तिखट लागली की गालात धरून ठेवायचा असतो. चहा-कॉफी पिताना किंवा त्याआधीच्या १५ मिनिटांत तो घेतला तर निकोटिन नीट शोषलेच जात नाही. दिवसाला सहा चहा पिणाऱ्या पुणेरी तरुणाला हे कोणी सांगितले नाही, तर ‘गम खाऊन पाहिला, काही उपयोग नाही’ असा त्याचा ग्रह होणे ठरलेलेच.

व्हॅरेनिक्लिनच्या गोळ्या मेंदूतील ज्या जागी निकोटिन चिकटते, तीच जागा व्यापतात. त्यामुळे ओढ कमी होते आणि सिगारेट ओढलीच तर पूर्वीचा आनंद मिळत नाही. सोडण्याचा दिवस ठरवून त्याच्या आठवडाभर आधी गोळ्या सुरू करायच्या आणि एकूण १२ आठवडे घ्यायच्या, अशी रीत आहे. मळमळ व विचित्र स्वप्ने हे त्यांचे ठाऊक असलेले त्रास. मनावरील परिणामांची पूर्वी व्यक्त होणारी भीती सुमारे ८ हजार जणांवरील आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीने बरीच दूर केली. ब्युप्रोपिऑन हे मूळचे नैराश्यावरील औषध फिट येणाऱ्यांना चालत नाही. म्हणूनच ही औषधे मित्राच्या सांगण्यावरून नव्हे, तर डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यायची. ‘हर्बल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या सिगारेटी मात्र यांत बसत नाहीत. पाने कोणतीही जाळली तरी छातीत जातो तो धूरच. प्राणायाम आणि व्यायाम यांचा आधार अवश्य घ्यावा. ओढ उठते त्या वेळी ते मनाला सावरतात. पण त्यांना औषधाचा पर्याय मानून औषध नाकारू नये.

तरुणांच्या बाबतीत ही औषधे कितपत लागू पडतात, हा रास्त प्रश्न आहे, कारण बहुतेक चाचण्या मध्यमवयीनांवर झाल्या. या दृष्टीने अमेरिकेतील १६ ते २५ वयाच्या २६१ जणांवरील आणि २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी उल्लेखनीय आहे. हे तरुण ई-सिगारेटच्या आहारी गेलेले होते. भारतात ई-सिगारेटच्या निर्मिती, आयात व विक्रीवर २०१९ पासून बंदी आहे, पण ती चोरट्या मार्गाने येतेच. व्हॅरेनिक्लिन आणि समुपदेशन दोन्ही मिळालेल्या गटातील ५१ टक्के तरुण १२ आठवड्यांच्या उपचाराअखेरीस व्यसनापासून दूर होते. केवळ समुपदेशन आणि दिखाऊ गोळी मिळालेल्या गटात हे प्रमाण १४ टक्के होते. २४ आठवड्यांनी मात्र हे आकडे अनुक्रमे २८ आणि ७ टक्क्यांवर आले. या आकड्यांतून दोन बोध मिळतात. तरुणांनाही औषधाचा निश्चित लाभ होतो, हा पहिला. उपचार संपला म्हणून सोबत सोडून चालत नाही, हा दुसरा. आणि दुसरा बोध पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे.

समुपदेशन म्हणजे पुन्हा उपदेश असा समज पुष्कळांचा असतो. प्रत्यक्षात समुपदेशक बोलतो कमी आणि विचारतो अधिक. दिवसातली पहिली सिगारेट उठल्यावर किती वेळाने? कोणाबरोबर? कोणत्या चहानंतर? घरच्यांशी भांडण झाल्यावर की अभ्यासाचा कंटाळा आल्यावर? या उत्तरांतून त्या तरुणाच्या सवयीचा नकाशा तयार होतो आणि त्यातली एकेक वाट अडवता येते. ओढ उठली की ती काही मिनिटांतच ओसरते. तेवढा वेळ टाळायचे, दीर्घ श्वास घ्यायचे, पाणी प्यायचे, जागा बदलायची, हे शिकवता येते. आणि एखाद्या रात्री सिगारेट ओढली गेलीच, तर ‘सगळे संपले’ असे न मानता दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरुवात करायची, हेही शिकवावे लागते. अनेकांची सिगारेट पहिल्याच प्रयत्नात नव्हे, तर कित्येक प्रयत्नांनंतर सुटते.

या विचाराला पुण्यात भक्कम पूर्वपीठिका आहे. गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकात ‘गर्द’ने शहरातील कोवळ्या मुलांना विळखा घातला, तेव्हा ‘गर्दुल्ला’ हा शब्द शिवीसारखा वापरला जात होता. त्या काळात मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट या दांपत्याने १९८६ मध्ये येरवड्यात ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र उभे केले. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांचे आर्थिक पाठबळ त्यामागे होते. व्यसन हा आजार आहे, व्यसनी माणसाचा तिरस्कार न करता त्याच्यावर उपचार करायचे, त्याच्या कुटुंबालाही उपचारात सामील करून घ्यायचे आणि तो घरी गेल्यावरही पाठपुरावा सोडायचा नाही, ही तेथील कार्यपद्धती. डॉ. अनिता अवचट १९९७ मध्ये आणि अनिल अवचट २०२२ मध्ये निवर्तले, पण त्यांनी लावलेले हे रोपटे बहरले आहे. दारू आणि गर्दच्या बाबतीत पुणेकरांनी हा दृष्टिकोन आदराने स्वीकारला. सिगारेटच्या बाबतीत मात्र तो अजून आपल्या घराच्या दारात आलेला नाही. सिगारेट ओढणारा रस्त्यात पडत नाही, घरात मारझोड करत नाही, नोकरीवर वेळेत जातो. त्यामुळे तो आजारी आहे, हे कोणाच्या लक्षातच येत नाही. चाळिशीत छातीत कळ आली म्हणजे ते लक्षात येते.

विशीतच उपचार व्हायला हवा याचे कारणही हेच. ब्रिटनमधील ३४ हजार डॉक्टरांच्या सवयींचा आणि मृत्यूंचा १९५१ पासून ५० वर्षे पाठपुरावा करून सर रिचर्ड डॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये निष्कर्ष मांडले. आयुष्यभर सिगारेट ओढणारे सरासरी १० वर्षे आधी मरण पावतात. साठाव्या वर्षी सोडली तर त्यांतील तीन वर्षे परत मिळतात, पन्नाशीत सोडली तर सहा, चाळिशीत सोडली तर नऊ. आणि तिशीच्या आसपास सोडली, तर जवळजवळ सर्वच हानी टळते. शरीर एवढी मोठी चूक पोटात घालते, पण त्यासाठी त्याने घातलेली मुदत तिशीची आहे.

मग करायचे काय? सुरुवात घरापासून व्हावी. मुलाच्या खिशात काडेपेटी सापडली तर ‘का ओढतोस?’ या प्रश्नाऐवजी ‘सोडायची आहे का? आपण डॉक्टरांकडे जाऊ या,’ हे वाक्य आई-वडिलांच्या तोंडून निघाले पाहिजे. आज पन्नाशीत असलेल्या वडिलांनी आपली तरुणाई आठवून पाहावी. भारतीय उपखंडात १९९६ मध्ये झालेल्या क्रिकेट विश्वचषकाचे नावच ‘विल्स’ या सिगारेटच्या नावावरून होते, आणि सारा देश त्याचे सामने डोळ्यांत प्राण आणून पाहत होता. त्या वातावरणात वाढलेल्या पिढीने आजच्या मुलांना न्यायासनावरून बोलण्याचे कारण नाही. ज्या घरात वडील स्वतः ओढतात, तेथे दोघांनी एकाच दिवशी उपचार सुरू करावेत. याहून मोठा संस्कार कोणता असेल?

घरच्या डॉक्टरांनी ताप-खोकल्यासाठी आलेल्या प्रत्येक तरुणाला सिगारेटविषयी विचारावे आणि उत्तर होकारार्थी आले तर औषध, पत्ता किंवा दूरध्वनी क्रमांक यांपैकी काही ना काही त्याच्या हाती द्यावे. महाविद्यालयांनी पकडलेल्या विद्यार्थ्याला दंडाच्या पावतीसोबत समुपदेशकाची वेळही द्यावी. हिंजवडी-खराडीच्या आस्थापनांनी कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेत तंबाखूमुक्तीचा १२ आठवड्यांचा उपचार समाविष्ट करावा. अभ्यासिका, वसतिगृहे आणि मेस यांच्या भिंतींवर तो विनामूल्य क्रमांक ठळक अक्षरांत लागावा, कारण पाकिटावरचा क्रमांक तेथील मुलांपर्यंत पोहोचत नाही.

आणि शपथा देणाऱ्या कार्यकर्त्यांनी आपल्या कामाची रीत थोडी बदलावी. शपथ घेणाऱ्याचे नाव त्याच्या संमतीने टिपून ठेवावे. तिसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी, महिन्याने आणि तीन महिन्यांनी त्याला भेटावे. मधल्या काळात तो घसरला असेल तर त्याला लाजवू नये, डॉक्टरांकडे घेऊन जावे. घरोघरी संपर्क ठेवण्याची आणि माणूस न सोडण्याची सवय ज्यांच्या अंगी मुरलेली आहे, त्यांना हे काम शिकवावे लागणार नाही. समुपदेशनशास्त्र ज्याला पाठपुरावा म्हणते, तो हाच.

३१ मेला सुरू केलेला १२ आठवड्यांचा उपचार ऑगस्टच्या उत्तरार्धात पूर्ण होतो. तोवर पुण्यात गणेशोत्सवाचे वेध लागलेले असतात आणि मंडळांच्या मांडवांत रात्री उशिरापर्यंत तरुणांची वर्दळ असते. शपथेची छायाचित्रे काढायचीच असतील तर ती त्या वेळी काढावीत. त्यांत चेहरे कदाचित थोडे असतील. परंतु त्यांतला प्रत्येक जण सोबत मिळाल्यामुळे तेथवर पोहोचलेला असेल, आणि जे पोहोचले नाहीत त्यांच्याकडे पुन्हा जाण्यासाठी तेच सर्वांत योग्य कार्यकर्ते ठरतील.